लाईट परत आली, बोर्ड उठला नाही

चाळीत कांदा भरला की आप्पा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी एक फेरी मारतात. बांबूंच्या फटीतून हात आत घालायचा, दोन-चार कांदे दाबून बघायचे, मग हात नाकाशी न्यायचा. वास बदलला की त्यांना कळतं. पण वास बदलेपर्यंत आत नुकसान सुरू झालेलं असतं.

एका वर्षी ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली. वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री खाली सोडली होती. पाऊस उघडला, ऊन पडलं, पण कामाच्या गडबडीत ताडपत्री वर करायची राहून गेली. दमट हवा आतच कोंडली. त्या कोपऱ्यातला कांदा काजळीने काळा पडला, खालच्या थराला पाणी सुटलं. उन्हाळ कांदा चाळीत टिकवायचा तर तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवी, हे आप्पांना पाठ आहे. पण मोजायचं कशाने? ताडपत्री कधी वर करायची आणि कधी खाली ठेवायची, एवढं जरी वेळेवर कळलं तरी पुष्कळ, असं मला तेव्हा वाटलं आणि ते सांगणारं छोटं यंत्र स्वतः बनवायचं मी मनावर घेतलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमाधारक. पॉलिटेक्निकमध्ये ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर शिकले, असेंब्ली भाषेत एलईडी लुकलुकवले, मग पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसले आणि सोल्डरिंग गन माळ्यावर गेली. मधल्या काळात केवढं बदललं ते बोर्ड हातात घेतल्यावरच कळलं. ८०५१ मध्ये आम्हाला १२८ बाइट रॅम आणि ४ किलोबाइट रॉम मिळायची. एकेक बाइट जपून वापरायची सवय लागली होती. आणि आता अडीचशे-तीनशे रुपयांच्या नोडएमसीयू बोर्डवर ८० मेगाहर्ट्झचा ३२ बिट प्रोसेसर, ४ मेगाबाइट फ्लॅश आणि वर वायफाय. त्यातली ईएसपी८२६६ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. २०१४ मध्ये ती स्वस्त मॉड्यूलच्या रूपात बाजारात आली तेव्हा माहितीपत्रकं फक्त चिनी भाषेत होती. जगभरच्या हौशी लोकांनी ती उलगडून, भाषांतर करून एकमेकांना दिली. मी आज घरबसल्या शिकू शकते ती त्या लोकांच्या कष्टांवर. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

सुरुवातीची संध्याकाळ केबलनेच खाल्ली. बोर्डवरचा दिवा लागायचा, पण लॅपटॉपला पोर्ट दिसायचा नाही. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. शेवटी पुतण्याने त्याच्या मोबाइलची केबल आणून दिली आणि पोर्ट लगेच दिसला. माझी केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. नव्याने सुरू करणाऱ्याने सगळ्यात आधी एक खात्रीची डेटा केबल बाजूला काढावी आणि तिच्यावर रंगीत टेप गुंडाळून ठेवावी. मी अजूनही तसंच करते.

आर्डुइनो आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डमध्ये भरायचं सॉफ्टवेअर, टाकणं, त्यात ईएसपीचं पॅकेज घेणं, दिवा लुकलुकवणं हे तासाभरात होतं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. एवढंच की बोर्डवरचा निळा दिवा उलटा आहे. पिनला शून्य दिलं की लागतो, एक दिलं की विझतो.

मला खरं अडवलं ते दिव्यानंतर. बोर्ड चालू केला की सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्ड केबलवरून पाठवतो तो मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, आधी एक ओळ कचरा यायची, चौकोन आणि प्रश्नचिन्हं, आणि मग माझा मजकूर नीट दिसायचा. बहुतेक जण त्या कचऱ्याकडे दुर्लक्ष करतात. मला ते जमेना. ८०५१ शिकताना चिपला ठेका देणारा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच का लावायचा, हे सरांनी फळ्यावर भागाकार करून दाखवलं होतं: ९६०० चा बॉड रेट, म्हणजे मजकूर पाठवायचा वेग, अचूक यावा म्हणून. त्यामुळे कचरा दिसला की क्रिस्टल आणि बॉड रेटचं गणित चुकतंय, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शोधल्यावर सापडलं ते असं: चिपच्या रॉममधला बूटचा कोड धरून चालतो की क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा आहे, पण या बोर्डांवर तो २६ चा असतो. म्हणून ११५२०० ऐवजी बॉड रेट निघतो ११५२०० गुणिले २६ भागिले ४०, म्हणजे बरोबर ७४८८०. सीरियल मॉनिटरच्या यादीत हा विचित्र आकडा असतोच, तो याच कामासाठी. तो निवडला आणि कचऱ्याच्या जागी स्वच्छ ओळ आली:

ईटीएस जाने ८ २०१३, आरएसटी कॉज:२, बूट मोड:(३,६)

चिप उठताना जे पहिलं बोलते ते हे. ‘आरएसटी कॉज’ म्हणजे ती का उठली: १ असेल तर वीज नव्याने आली, २ असेल तर रीसेटचं बटण किंवा पिन, ४ असेल तर वॉचडॉगने, म्हणजे अडकलेल्या चिपला रीसेट करणाऱ्या टायमरने, आपटलं. ‘बूट मोड’चा पहिला आकडा म्हणजे ती उठून कुठे निघाली: ३ असेल तर फ्लॅशमधला आपला प्रोग्राम चालवायला, १ असेल तर नवा प्रोग्राम घ्यायला. फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, शिकणाऱ्याने कोडची एकही ओळ लिहिण्याआधी ही ओळ वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. पुढचे दोन महिने मला याच ओळीने तारलं.

पहिला फटका माझ्या जुन्या सवयीने दिला. ८०५१ वर आम्ही रिकाम्या लूपमध्ये वाट बघायचो. बटण दाबेपर्यंत फिरत राहा, सेन्सर उत्तर देईपर्यंत फिरत राहा. चिप सगळी आपलीच असायची, तिला दुसरं काम नसायचं. इथे तसं लिहिलं आणि बोर्ड दर तीनेक सेकंदांनी मरून पुन्हा उठायला लागला. पडद्यावर ‘सॉफ्ट डब्ल्यूडीटी रीसेट’, म्हणजे वॉचडॉगचा रीसेट. कारण या एकाच प्रोसेसरवर वायफायचा कारभारही चालतो. आपला लूप फिरून परत येतो किंवा आपण डिले किंवा यील्ड म्हणतो, तेवढ्यात वायफाय आपलं काम उरकून घेतं. आपण अडवून बसलो की तीनेक सेकंदांनी सॉफ्टवेअरचा वॉचडॉग रीसेट करतो, आणि तोही अडकला तर साधारण आठ सेकंदांनी हार्डवेअरचा. आमच्या एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर जसं कुणा एकीचं नसतं तसा हा प्रोसेसर. आपलं पातेलं उतरवायचं आणि ओट्यासमोरून बाजूला व्हायचं. तेव्हापासून मी वाट बघणारा लूप लिहीत नाही. घड्याळ बघते, वेळ झाली असेल तर काम करते, नाहीतर पुढे जाते.

तापमान आणि आर्द्रता मोजायला सेन्सर म्हणून आधी डीएचटी११ घेतला, स्वस्त म्हणून. तो पावसाळी आर्द्रतेला भरवशाचा नाही, म्हणून डीएचटी२२ घेतले, दोन. एक चाळीच्या आत, एक बाहेर वळचणीला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक ६६ दाखवतोय, दुसरा ७३. आता खरा कोणता?

इथे मिठाने मदत केली. साध्या मिठाचा संपृक्त लगदा बंद बरणीत ठेवला तर आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. २५ अंशांच्या आसपास हे पक्कं आहे. रात्री ओटा आवरल्यावर लोणच्याच्या काचेच्या बरणीत बाटलीचं झाकण ठेवलं, त्यात तीन चमचे मीठ आणि पाणी इतकंच की ते ओल्या वाळूसारखं व्हावं. मीठ पूर्ण विरघळलं तर उपयोग नाही, दाणे दिसत राहिले पाहिजेत. बरणीच्या झाकणाला भोक पाडून दोन्ही सेन्सर वरून लोंबते सोडले, मिठाला टेकणार नाहीत असे. भोक कणकेने बुजवायला निघाले होते, पण कणीक स्वतःच ओलावा सोडते हे लक्षात आलं, मग मेणबत्तीचं मेण ओतलं. पहाटे पाचला उठून बघितलं: एक ७१.४ वर स्थिर, दुसरा ७८.२ वर. पहिल्यात ३.६ मिळवायचे, दुसऱ्यातून ३.२ वजा करायचे. एवढ्या दोन आकड्यांनी दोन्ही सेन्सर माझ्या चाळीपुरते खरे बोलायला लागले. सासूबाईंनी बरणी बघून विचारलं, “मीठ मुरत घातलंय का गं?” सांगितल्यावर त्या दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बरणी दाखवत होत्या.

वायफायचं थोडक्यात सांगते. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल आणि तुम्ही तेच कोडमध्ये लिहिलं, तर जन्मभर जोडणी होणार नाही आणि चूक पासवर्डची वाटत राहील.

चाळ घरापासून बारा मीटरवर. वायफाय पोचत होतं. वीज न्यायची होती. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घरात ठेवला आणि बारीक दोन पदरी वायर चाळीपर्यंत ओढली. टेबलावर आठवडाभर न चुकता चाललेला बोर्ड चाळीत गेल्यावर दर काही मिनिटांनी रीसेट. कोड तोच, बोर्ड तोच. मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधली. मग मल्टिमीटर घेऊन गेले. वायफाय बंद ठेवलं की बोर्डच्या टोकाला ४.८ व्होल्ट, चालू केलं की आकडा खाली-वर थरथरतो. तिथेच शिडीवर बसून हिशोब केला. बारीक वायर, जाण्या-येण्याची मिळून चोवीस मीटर, रोध सुमारे दोन ओहम. वायफाय पाठवताना चिप क्षणभर तीनशे मिलिअँपिअरपर्यंत ओढते. म्हणजे वायरमध्येच ०.६ व्होल्ट गेले, बोर्डला उरले जेमतेम ४.४. बोर्डवरचा रेग्युलेटर ३.३ व्होल्ट द्यायला स्वतःसाठी साधारण १.१ व्होल्ट मागतो. म्हणजे निदान ४.४ हवेत. गाडी अगदी काठावर अडली होती. उपाय सोपा: घरातून १२ व्होल्ट पाठवायचे आणि चाळीत बोर्डजवळ छोटा बक कन्व्हर्टर लावून ५ करायचे, शिवाय एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १२ व्होल्टवर तीच शक्ती न्यायला करंट निम्म्याहून कमी लागतो आणि वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तरी बिघडत नाही. त्या रात्रीपासून ते रीसेट थांबले. सॉफ्टवेअरवाल्यांनी या क्षेत्रात येताना मल्टिमीटर आधी घ्यावा, बोर्ड नंतर.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहायला बसले तो.

बाहेरचा सेन्सर मी शेवटी जोडला. डी१, डी२ या पिनांवर छोटा ओएलईडी पडदा होता, आतला सेन्सर डी५ वर, डी६ आणि डी७ पुढे पंखा चालू-बंद करणाऱ्या रिलेसाठी राखून ठेवलेले. म्हणून बाहेरच्याला डी८ दिला. प्रोग्राम घरी टेबलावर भरला होता, तेव्हा बाहेरचा सेन्सर जोडलेला नव्हता. चाळीत बोर्ड चालू असतानाच त्याची पिन खोचली आणि लगेच आकडे यायला लागले. आप्पा बाजूला उभे होते, त्यांनी पडद्यावरचे दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या रात्री वादळात लाईट गेली, पहाटे आली. राऊटर उठला, फ्रीज उठला, बोर्ड उठला नाही. पडदा काळा.

सकाळी लॅपटॉप घेऊन चाळीत गेले. ७४८८० लावलं, रीसेट दाबलं. ओळ आली: बूट मोड (७,७), आणि पुढे ‘वेटिंग फॉर होस्ट’. ३ नाही, १ नाही, ७. म्हणजे चिप माझ्या प्रोग्रामकडे गेलीच नव्हती, भलत्याच कुणाची वाट बघत बसली होती. बाहेरचा सेन्सर काढला, रीसेट दाबलं, ३ आला आणि पडदा लागला. परत लावला, ७.

या चिपच्या तीन पिना उठण्याच्या क्षणी चिपला रस्ता दाखवतात. जीपीआयओ० म्हणजे बोर्डवरची डी३, ती वर (म्हणजे तिच्यावर व्होल्टेज) असायला हवी. खाली असली तर चिप प्रोग्राम घ्यायला बसते. जीपीआयओ२ म्हणजे डी४, तीही वर. आणि जीपीआयओ१५ म्हणजे माझी डी८, ती खालीच असली पाहिजे. बोर्डवर तिला खाली ओढणारा रेझिस्टर असतो. माझ्या सेन्सरच्या मॉड्यूलवर डेटाची तार वर ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर. दोघं जवळपास सारख्याच ताकदीचे, एक वर ओढतोय, एक खाली. मीटर लावला तर पिनवर १.८ व्होल्ट, चिपच्या लेखी ते ‘वर’. चालू बोर्डला हे बाधत नाही, कारण या पिना चिप फक्त उठताना वाचते. म्हणून चार दिवस सगळं सुरळीत. आजार पहिल्या दिवसापासून होता, तो दिसायला लाईट जावी लागली.

आप्पा म्हणाले, “पोरी, मोटर पण अशीच असते. चालू असते तोवर कळत नाही. बंद करून परत सुरू केली की मग समजतं काय बिघडलंय.”

सेन्सर डी८ वरून काढून डी६ वर आणला आणि एक नियम केला. काहीही बदललं, एक तार का हलवेना, की बोर्डची वीज दहा वेळा काढायची आणि घालायची. पाच सेकंदांनी, एका सेकंदाने, अर्ध्या मिनिटाने. दहाही वेळा बूट मोडला ३ आणि पडद्यावर आकडे आले तरच चाळीत न्यायचं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं रोजचंच. ज्या यंत्राला आपल्या मागे स्वतःहून उठता येत नाही ते आमच्या कामाचं नाही.

याच नजरेने मग सगळा कोड परत वाचला आणि बरंच सापडलं. वायफाय जोडलं जाईपर्यंत सेटअपमध्येच थांबून राहायचा लूप होता. लाईट आल्यावर चिप सेकंदाच्या आत उठते, राऊटरला दोन मिनिटं लागतात, आणि तोवर पडदा कोरा. इंटरनेट बंद असेल तर दिवसभर कोरा. आप्पांना तर पडदाच हवा, मोबाइल नको. आता बोर्ड आधी सेन्सर वाचतो, पडदा लावतो, वायफाय मिळेल तेव्हा मिळेल. दुसरं, घरच्या जुन्या लॅपटॉपवर बोर्डचे निरोप घेणारं मॉस्किटो हे सॉफ्टवेअर चालतं, त्याच्याकडे निरोप पाठवायला मी स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे मजकुराला मजकूर, जोडत होते. आठ-नऊ दिवसांनी बोर्ड कोसळायचा. मोकळी मेमरी एकूण पुष्कळ दिसायची, पण तुकड्यातुकड्यांत, सलग जागा उरलेली नसायची. ठरलेल्या आकाराचा एकच कॅरेक्टर अ‍ॅरे घेतला आणि ८०५१ च्या दिवसांतला काटकसरीचा संस्कार पुन्हा उपयोगी पडला. तिसरं, मिलीसेकंदांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ अशी वजाबाकी करूनच तुलना करायची, म्हणजे तो शून्यावर आला तरी हिशोब चुकत नाही.

आर्द्रतेच्या दोन आकड्यांची थेट तुलना करून ताडपत्रीचा निर्णय घेणं हेही चूक निघालं. तीच हवा दुपारी ५५ दाखवते आणि पहाटे ८५, कारण तापमान बदलतं. म्हणून तापमान आणि आर्द्रता मिळून दोन्हीकडचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं दव व्हायला लागतं ते तापमान, काढते. आतला जास्त असेल तर आत ओलावा कोंडलाय, पडद्यावर वर जाणारा बाण. बाहेरचा जास्त असेल तर खाली जाणारा बाण. आप्पा आता फक्त बाण बघतात. वास घेणं त्यांनी सोडलेलं नाही, आणि सोडू नये.

पुतण्याला आता यात गोडी लागलीय, म्हणून शेजारच्या चाळीसाठी ईएसपी३२, म्हणजे त्याच कंपनीची पुढची चिप, घेतला. तिथे आर्डुइनो सोडून एस्प्रेसिफचं स्वतःचं ईएसपी-आयडीएफ शिकतोय. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळे टास्क, दोन कोअर, मेन्यूकॉन्फिगमधल्या सेटिंगच्या लांबलचक याद्या. पहिला आठवडा जड जातो, पण त्यात मला एक गोष्ट फार आवडली. वीज कमी पडली की ही चिप स्पष्ट लिहिते, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. जे कळायला मला दोन रात्री आणि एक शिडी लागली ते ती एका ओळीत सांगते. पुतण्याला मात्र मी आधी मल्टिमीटरच हातात दिला आणि उठतानाच्या पिनांचा तक्ता वहीत स्वतःच्या हाताने काढायला लावला.

काल रात्री पुन्हा झड होती. दोनच्या सुमारास लाईट गेली, चारला आली. सकाळी लॅपटॉपवर चाळीच्या बोर्डचा पहिला निरोप बघितला. उठण्याचं कारण: पॉवर ऑन. मोकळी मेमरी ४१ हजार बाइट. आत २७ अंश, ७१ टक्के. बाहेर २४.५ अंश, ९२ टक्के. बाण खाली. अंगणात आले तर आप्पा चाळीकडून परत येत होते. ताडपत्री त्यांनी खालीच ठेवली होती.